ओठ दिसतो, टाळू दिसत नाही : एका तालुक्यातल्या फोटोंचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्यातलं आहे. गावांची, माणसांची, हॉस्पिटलची नावं मुद्दाम काढलीत आणि कुणाची ओळख पटेल असे थोडे तपशील इकडचे तिकडे केलेत, बाकी जसं घडलं तसंच लिहितेय. मी स्पीच थेरपिस्ट आहे. ओठ किंवा टाळू, म्हणजे तोंडातलं वरचं छत, दुभंगलेली मुलं ऑपरेशननंतर बोलणं सुधारायला माझ्याकडे येतात. फोटोंच्या या कामात मी सुरुवातीपासून होते, सोबत एक प्लास्टिक सर्जन, ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर, दोन आशाताई, आणि तालुक्याच्या गावात लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण. त्याला सगळे दादा म्हणतात म्हणून इथेही दादाच लिहिते.

ज्यांचा या विषयाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आईच्या पोटात बाळाचा वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात, ते जुळणं कुठेतरी अर्धवट राहिलं की ओठाला फट राहते किंवा टाळूला, किंवा दोन्हीला. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एक बाळ असं असतं, म्हणजे ही काही फार दुर्मीळ गोष्ट नाही, मोठ्या तालुक्यात दरवर्षी अशी बाळं जन्मतातच. कारणं मिसळलेली असतात, थोडं आनुवंशिक, कधी आईची शुगर, कधी धूम्रपान, कधी फिट्सवरची ठराविक औषधं, आणि बऱ्याच वेळा बोट ठेवावं असं एक कारण सापडतच नाही. ओठाचं ऑपरेशन सहसा तीन ते सहा महिन्यांचं बाळ असताना करतात, टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, कारण मूल नीट बोलायला लागायच्या आत टाळू बंद झालेली बरी. पुढे कानात पाणी साठतं का ते बघावं लागतं, स्पीच थेरपी लागते, आठ-दहा वर्षांचं झाल्यावर कुणाला हिरडीत हाड भरावं लागतं, दातांना तारा लावाव्या लागतात. एका ऑपरेशनमध्ये विषय मिटला असं बहुतेकांचं नसतं.

खर्चाचं म्हणाल तर मोफत ऑपरेशनची सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि त्यात जन्मतः असलेल्या दोषांच्या यादीत हा आजार आहे, त्यांची टीम अंगणवाड्यांमध्ये आणि शाळांमध्ये तपासणीला येते. शिवाय बऱ्याच सेवाभावी संस्था मोठ्या हॉस्पिटलांना पैसे देऊन ऑपरेशन फुकट करून देतात. म्हणजे या तालुक्यात अडचण पैशांची कमी आणि वेळेवर पोचण्याची जास्त होती.

अडचण काय होती

मुलं उशिरा यायची. ओठाचं ऑपरेशन दीड-दोन वर्षांचं झाल्यावर, टाळूचं तर शाळेत घातल्यावर. पाच-सहा वर्षांचं पोर हवा नाकातून सोडून बोलायची सवय पक्की करून येतं, आणि मग ती सवय मोडायला मला आणि त्याला मिळून जो त्रास होतो तो वेळेत आलं असतं तर झालाच नसता.

एक कारण ऊसतोडीचं. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांवर जातात त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. श्रावण-भाद्रपदात जन्मलेल्या बाळाच्या ओठाचं ऑपरेशन बरोबर त्या महिन्यांमध्ये येतं जेव्हा आईबाप कुठल्यातरी फडात असतात आणि बाळ कोपीत. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते ती नवराबायको दोघांच्या कोयत्यावर, म्हणजे दोघांनी मिळून ऊस तोडायच्या बोलीवर, मग आई एकटी मागे कशी राहणार?

दुसरं कारण लपवण्याचं. बारसं घरातल्या घरात उरकायचं, बाळाला कुंचीत तोंडापर्यंत गुंडाळून ठेवायचं, शेजारणींना "झोपलंय" म्हणून परतवायचं. आणि दोष कुणाला, तर आईला. ग्रहणात तिने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ कापला गेला, हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता आईने सांगायच्या आधीच मला कळतं. बिचारी स्वतःही ते खरं मानते. ओठ जुळण्याचे ते आठवडे असे असतात की कित्येक बायकांना दिवस गेलेत हेसुद्धा तेव्हा कळलेलं नसतं, तिला नंतरचं जे ग्रहण आठवत असतं त्याच्या कितीतरी आधी ओठाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, हे शांतपणे बसून सांगितलं तर बरीच माणसं ऐकतात. पण सांगायला आधी माणूस समोर यायला हवं ना.

आणि या घरांमध्ये बाळाचे फोटो नसायचे. आताच्या काळात, जिथे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आणि लेकराच्या पहिल्या दिवसापासून स्टेटसला फोटो, तिथे या बाळांचा एक फोटो नाही. विचारलं की एकच उत्तर, "आधी नीट तर होऊ द्या मॅडम, मग काढू." म्हणजे त्या लेकराचा पहिला फोटो थेट हॉस्पिटलच्या फाईलमधला, नाकाखालून, मान वर करून काढलेला. फोटोंचं काम करावं हा विचार आम्हाला इथून सुचला.

कोणते पर्याय समोर होते

सर्जनसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी, मोठा फ्लेक्स करा, एसटी स्टँडवर आणि आठवडी बाजारात लावा. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता, कालच बाळंत झालेल्या आणि रडून डोळे सुजलेल्या बाईला "हे असं छान होतं" हे डोळ्यांनी दिसणं फार मोठा आधार असतो, तिला त्या क्षणी दुसरं काहीच नको असतं.

पण भर चौकात तोच फ्लेक्स लावायला मी आणि सिस्टर दोघीही तयार नव्हतो. एक तर आधीचे फोटो उपचारासाठी काढलेले, त्याची परवानगी उपचारापुरती, ते उचलून बाजारात लावणं हे आईबापांनी सही केली तरी त्या बाळाशी बरोबर नाही, उद्या ते बारावीत जाईल तेव्हा त्या फ्लेक्सचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल. दुसरं म्हणजे आधी-नंतर बघून लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की संपलं, मग थेरपीला कोण येणार? आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त टोचत होतं, अशा फ्लेक्समध्ये पहिला चेहरा म्हणजे चूक आणि दुसरा म्हणजे दुरुस्ती असं होऊन बसतं. ज्याच्या ओठावर टाक्यांची खूण आयुष्यभर राहणार आहे त्याने स्वतःला कुठे बघायचं?

एक सूचना अशीही आली की माणसांचे फोटोच नकोत, चित्रं काढून घेऊ. त्यात कुणाला धोका नाही हे खरं, पण तशी पोस्टरं आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आधीच ढीगभर आहेत आणि कुणी त्यांच्याकडे मान वळवून बघत नाही.

तिसरा पर्याय दादाने आणला. तो म्हणाला, मी लग्नात जसे फोटो काढतो तसे काढतो, नीट कपडे घालून, त्यांच्या घरी, त्यांच्या माणसांसोबत, जसे आहेत तसे. असं काम जगात झालेलंही आहे. न्यूयॉर्कचे रिक गिडोटी हे फॅशन फोटोग्राफर, त्यांनी १९९८ मध्ये पॉझिटिव्ह एक्सपोजर नावाची संस्था काढली आणि जनुकीय आजार असलेल्या लोकांचे फोटो वैद्यकीय पुस्तकातल्यासारखे न काढता मॉडेलचे काढावेत तसे काढायला सुरुवात केली. मी दादाला ते फोटो दाखवले, त्याने बराच वेळ बघितले आणि पहिलाच प्रश्न उजेड कुठून घेतलाय हा विचारला, तेव्हाच मला वाटलं की हा माणूस हे काम करेल.

पहिला निर्णय

बरीच चर्चा होऊन ठरलं ते असं. सार्वजनिक ठिकाणी फक्त पोर्ट्रेट, वेगवेगळ्या वयाच्या लोकांची, आणि प्रत्येकाखाली त्यांच्याच तोंडचे दोन-चार शब्द. सोबत एक वेगळा बोर्ड, बाळ असं जन्मलं तर पहिल्या आठवड्यात काय करायचं याचा. आणि आधी-नंतरचे फोटो एका छोट्या अल्बममध्ये, तो सिस्टरच्या कपाटात, ज्या आईला गरज आहे तिला एकटीला बसवून दाखवायचा, आणि त्यातही ज्या कुटुंबांनी खास त्यासाठी हो म्हटलंय त्यांचेच फोटो. सर्जनसाहेबांचं म्हणणं पण राहिलं आणि चौकातला फ्लेक्स पण टळला. पूर्ण कामात हा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कुणाचं चूक कुणाचं बरोबर यात न अडकता एकच फोटो कुठे उपयोगी आणि कुठे घातक एवढंच आम्ही बघितलं.

फोटो कसे काढले

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणी करायला घेतलं तर हाच भाग लागेल.

तालुक्याच्या स्टुडिओंमध्ये टचिंग हा नेहमीचा प्रकार आहे, पासपोर्टचा फोटो असो की लग्नाच्या बायोडेटाचा, न विचारता डाग जातात, रंग उजळतो. ज्यांच्या ओठावर खूण आहे त्यांची खूण तर पहिली जाते. दादाही आधी तेच करायचा, आणि मोबाईलचा ब्यूटी मोड तर आपोआपच करतो. आमच्या फोटोंत टचिंग नाही असं ठरलं, पण नुसतं तेवढं ठरवून भागत नाही. उन्हात बाजूने कडक उजेड पडला की टाक्यांच्या रेषेत सावली भरते आणि खूण आहे त्याच्या दुप्पट दिसते, मग तो फोटो उगाच भेसूर होतो, बघणारा फक्त ओठच बघतो. दादाने त्यावर साधा उपाय काढला. घराच्या ओसरीत, अंगणाकडे तोंड करून बसवायचं, म्हणजे समोरून पसरलेला मऊ उजेड येतो, खूण लपत पण नाही आणि ओरडत पण नाही. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. लेन्स ८५ मिमीची, थोडं लांब उभं राहून, कारण जवळ जाऊन मोबाईलने काढला की नाक मोठं आणि तिरकं येतं, आणि या लोकांचं नाक आधीच एका बाजूला थोडं बसकं असतं, त्यात लेन्सने भर कशाला घालायची.

बारावीतल्या एका मुलीचा किस्सा सांगायलाच हवा. तिची खूण डाव्या बाजूला. फोटो काढून कॅमेऱ्यात दाखवला तर ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "मी अशी नाहीये, काहीतरी वाकडं आलंय." आम्हाला वाटलं तिला टचिंग हवंय. दादाने न बोलता लॅपटॉपवर तोच फोटो उलटा केला, डावीकडचं उजवीकडे, आणि म्हणाला, "आता बघ." ती हसलीच, "हां, ही मी." आपण स्वतःला रोज आरशात बघतो, तिथे डाव्या ओठावरची खूण काचेच्या डाव्याच बाजूला दिसते, फोटोत ती उजवीकडे जाते. आपल्या सगळ्यांचंच असं होतं पण ज्यांचा चेहरा दोन्हीकडून अगदी सारखा नसतो त्यांना फरक जास्त जाणवतो, आणि आयुष्यभर त्यांना वाटत राहतं की आपले फोटोच खराब येतात. एवढी वर्षं या क्षेत्रात काम करून मला हे कधी सुचलं नव्हतं.

मग प्रश्न पडला, भिंतीवर कोणता लावायचा? उलटा केलेला लावला तर तिला आवडेल पण तिच्या आईला आणि मैत्रिणींना खूण चुकीच्या बाजूला दिसेल. तिलाच विचारलं. ती म्हणाली भिंतीवर लोक बघतात तशी लावा, माझ्यासाठी मला वाटते तशी द्या. त्यानंतर प्रत्येकाला दोन्ही दाखवायची पद्धतच पडली, आणि दोन प्रिंट द्यायची.

परवानगी

कागद एकच नव्हता. ग्रामीण रुग्णालयाची भिंत, अंगणवाडी, शाळा, पेपर, मोबाईलवरचे ग्रुप, प्रत्येकाला वेगळा रकाना आणि वेगळी सही, कारण भिंतीला हो म्हणणारी बाई पेपरला नाही म्हणू शकते. कागद मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि आशाताईंनी वाचून दाखवायचा. १८ च्या आतल्यांसाठी पालकांची सही तर लागतेच, पण मुलाने प्रिंट बघून मान डोलावल्याशिवाय तो लावायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं, आणि एका नऊ वर्षांच्या मुलाने चक्क नाही म्हटलं, वडील म्हणत होते लावा हो, त्याला काय कळतंय. आम्ही नाही लावला. त्याचा फोटो त्याच्या घरी आहे.

नाव कुणाचंच नाही, गाव नाही. आणि ज्या दिवशी म्हणाल त्या दिवशी फोटो खाली येईल, कारण विचारणार नाही, हे वाक्य कागदावर सगळ्यात वर.

कुठे लावले

तालुक्याच्या गावात एक सभागृह मिळत होतं, उद्घाटन, पाहुणे, हार, सगळं झालं असतं. पण सभागृहात येणार कोण तर आपणच. ज्यांना बघायला हवं त्या बायका कुठे असतात? लसीकरणाच्या दिवशी रुग्णालयाच्या व्हरांड्यात, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला. तिथे त्यांना तास-दीड तास नंबरची वाट बघत बसावं लागतं, सोबत सासू असते, जाऊ असते. म्हणून फोटो तिथेच लावले, बाकाच्या समोर, बसल्यावर डोळ्यांसमोर येतील एवढ्या खाली. वेळ ठरवली दसऱ्याच्या आधीची, टोळ्या निघायच्या आत.

एका फोटोने वेगळंच काम केलं

सगळ्यात जास्त ज्याच्यासमोर थांबून लोकांनी विचारलं तो फोटो एका आठवीतल्या मुलाचा. शेळीचं करडू खांद्यावर घेऊन उभा, ओठ एकदम नीट, कुठेच खूण नाही. बायका विचारायच्या, "याला काय झालंय? हा तर चांगलाय." त्याच्या फोटोखाली त्याचंच म्हणणं होतं, "माझा ओठ बरोबर आहे. टाळू फाटलेली होती, ती बाहेरून दिसत नाही. दूध नाकातून यायचं. सहा वर्षांचा झालो तेव्हा कळलं."

हा फोटो घ्यावा की नाही यावर आमच्यातच वाद झाला होता. दादाचं म्हणणं, फोटोत दिसतच नाही तर दाखवायचं काय. मी हट्टाने घ्यायला लावला, कारण ज्याचा ओठ फाटलेला असतो ते बाळ निदान जन्मल्या क्षणी कळतं, लपवलं तरी कळलेलं असतं. फक्त टाळूची फट असलेलं बाळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. सोनोग्राफीत ओठाची फट बऱ्याच वेळा दिसते, नुसत्या टाळूची सहसा सुटते. मग बाळ नीट ओढत नाही, दूध नाकातून येतं, वजन वाढत नाही, घरचे म्हणतात आईला दूधच कमी आहे, आणि दोन-तीन वर्षांनी गेंगाणं बोलायला लागलं की म्हणतात लाडाने असं बोलतंय. जन्मल्यावर बाळाच्या तोंडात टॉर्च मारून टाळूच्या अगदी मागेपर्यंत बघितलं तर एका मिनिटात कळतं. पोर्ट्रेट फोटोंनी या आजाराची जाणीव करून द्यायची म्हटलं की सगळं लक्ष ओठाकडे जातं, आणि निम्मं दुखणं तोंडाच्या आत असतं. हा एक फोटो नसता तर आमचं प्रदर्शन अर्धवट राहिलं असतं असं मी ठामपणे म्हणेन. सिस्टरने तर त्या फोटोशेजारी एक छोटी टॉर्च दोरीला बांधून लटकवली आणि बाळंतिणी आल्या की तिथल्या तिथे बाळाचं तोंड बघायला लागल्या.

मध्येच आलेला पेच

एका बापलेकीचा फोटो होता. दोघांनाही दुभंगलेला ओठ, बापाचं ऑपरेशन मोठेपणी झालेलं म्हणून खूण ठळक, लेकीचं चार महिन्यांची असताना झालेलं म्हणून बारीक रेघ. न बोलता सगळं सांगणारा फोटो होता, वेळेवर ऑपरेशन म्हणजे काय ते दुसऱ्या कशाने इतकं कळलं नसतं. त्या घरात थोरल्या मुलीची सोयरीक चालली होती, तिला स्वतःला काहीच नाही. मुलाकडच्या कुणीतरी फोटो बघितला आणि निरोप आला, हे तुमच्या घराण्यातच आहे का? दुसऱ्या दिवशी आजी स्वतः आल्या, रागावल्या नव्हत्या, हात जोडून म्हणाल्या, "पोरीचं जमू द्या बाई, मग पुन्हा लावा."

पर्याय काय होते? कागदावर सही बापाची होती, आजींची नाही. सर्जनसाहेब म्हणाले मी मुलाकडच्यांशी बोलतो. त्यांना सांगण्यासारखं होतंही, आईबापांपैकी कुणाला असेल तर मुलांमध्ये शक्यता थोडी वाढते पण तरी बहुतेक मुलं तशी होत नाहीत, आणि झालं तरी उपचार आहे. पण फोटो त्याच तासाला खाली आला, हे आधी. बोलणं नंतर, आणि ते पण घरच्यांनी म्हटलं म्हणून. सही कुणाची याचा कीस आम्ही पाडला नाही, कारण फोटोचा परिणाम सही करणाऱ्यावर एकट्यावर होत नाही, घरातल्या लग्नाच्या मुलीवर पण होतो, आणि तिला आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. सोयरीक जमली की नाही ते इथे लिहिणार नाही, तो त्यांचा घरचा विषय आहे.

त्याच सुमारास एका बाळाच्या फोटोचा कुणीतरी मोबाईलने फोटो काढून "या बाळाला मदतीची गरज, पैसे पाठवा" असं लिहून फिरवला. तो आशाताईंनीच पकडला आणि ग्रुपग्रुपमध्ये खोटं आहे म्हणून टाकलं, आईला आधी जाऊन सांगितलं, पण भिंतीवरचा फोटो तिने उतरवू दिला नाही, "राहू द्या, माझं लेकरू काय चोर आहे का" म्हणाली.

काय निष्पन्न झालं

आकडे देऊन मोठं यश सांगायचं नाहीये, एका तालुक्यात वर्षाला जन्मणारी अशी बाळं मोजकी, त्यावरून टक्केवारी काढणं बरोबर नाही. पण काही गोष्टी डोळ्यांसमोर घडल्या. एक बाळ तीन आठवड्यांचं असताना आलं, त्याची आत्या गरोदर होती आणि ९ तारखेच्या तपासणीला येऊन फोटो बघून गेली होती, तिने भावजयीला बळंच आणलं. सिस्टरने वाटी-चमच्याने बाळाला उभं धरून, थोडं-थोडं, मध्ये ढेकर काढत दूध पाजायचं शिकवलं. ऑपरेशनला वजन आणि रक्त बरं लागतं, साधारण दहा आठवडे, साडेचार किलो वजन आणि दहाच्या वर हिमोग्लोबिन हा जुना अंदाज अजून धरतात.

पण त्यांचा कोयता ठरलेला, उचल खर्च झालेली. इथे सगळ्यांचा कल होता आईला समजावून मागे ठेवायचं. आशाताईंनी उलटं सुचवलं, ते जातायत त्या कारखान्याजवळच ऑपरेशनची सोय बघा. फोन करून पश्चिम महाराष्ट्रात एक हॉस्पिटल मिळालं, कागद सोबत दिले, मुकादमाशी सिस्टर बोलल्या, ऑपरेशन हंगामात तिकडेच झालं. कुणाची मजुरी बुडाली नाही असं नाही, आईचे बरेच दिवस गेले, पण टोळी सोडावी लागली नाही.

टाळूच्या फटीची दोन बाळं नंतर जन्मल्याच्या पहिल्या दिवसांतच सापडली, दोन्ही वेळा तोंड सिस्टरनेच बघितलं. दादाच्या स्टुडिओत आता बायोडेटाच्या फोटोला "खूण ठेवायची का काढायची" हे विचारतात. काही जण काढ म्हणतात, आणि तो काढतो, त्यात मला काही गैर वाटत नाही, विचारलं जातंय हे पुरेसं आहे.

जे बदललं नाही ते पण सांगते. थेरपीला नियमित येणारे वाढले नाहीत. फोटोत आवाज नसतो, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न फोटोंनी पुढे सरकला नाही. आणि ग्रहणाची समजूत आहे तिथेच आहे, फक्त सासवा आता माझ्यासमोर जरा हळू आवाजात बोलतात.

पुन्हा करायचं झालं तर

परवानगी घेताना घरात लग्नाचं कुणी आहे का हे आधी विचारायचं, आणि त्या मुलीला किंवा मुलाला बाजूला घेऊन वेगळं विचारायचं. मोठ्या माणसांसमोर ती नाही म्हणणार नाही.

सोयरिकीच्या वेळी येणारा आनुवंशिकतेचा प्रश्न येणारच असं धरून त्याचं सोपं उत्तर बोर्डवर पहिल्यापासून लिहायचं.

फक्त टाळूची फट असलेल्यांचे फोटो एक नाही, जास्त घ्यायचे. आणि फोटोसोबत आवाज ठेवता आला तर ठेवायचा, थेरपीआधीचा नको, आत्ताचा, मुलगा किंवा मुलगी स्वतः कविता म्हणतेय असा, एका छोट्या स्पीकरवर. याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही, सर्जनसाहेबांना वाटतं आवाजाने ओळख जास्त पटते, आणि ते खरंही आहे.

नव्या बाळाचा फोटो घरच्यांनी घरासाठी काढावा हे सिस्टर आता पहिल्याच भेटीत सांगतात, कुणाला दाखवायला नाही, त्या लेकराला पुढे लागेल म्हणून. दादा तो फुकट प्रिंट करून देतो आणि त्याची कॉपी स्वतःकडे ठेवत नाही.

पुढचा संच शेजारच्या तालुक्यात लावायचा आहे, तो पण दसऱ्याच्या आधीच. प्रत्येक गरोदर बाईला द्यायच्या कार्डावर एका बाजूला करडूवाल्या मुलाचा फोटो आहे, त्याने आणि त्याच्या आईने कार्डासाठी वेगळी सही दिलीय, आणि मागच्या बाजूला दोन फोन नंबर, एक इथला आणि एक कारखान्यांच्या पट्ट्यातल्या हॉस्पिटलचा.